आपलं दार कुठे आहे, हे कुणाला माहीत आहे?

(जिल्ह्यातल्या स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. चर्चेत आलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राला 'जनसंपर्क' असं भारदस्त नाव दिलंय. सकाळी चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, "ताई, जनसंपर्क अधिकारी कारखान्याला असतो, महामंडळाला असतो. आपल्याकडे बसायला सतरंजी धड नाही, आपल्याला कशाला हवा तो?" मला तिचा प्रश्न आवडला. कारण आमच्या संघटनेची पहिली दहा-अकरा वर्षं मीही हेच म्हणत होते. आपण काम करावं, काम आपोआप बोलतं, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. प्रसिद्धी म्हणजे मिरवणं आणि मिरवणं हा पुढाऱ्यांचा धंदा, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

काम आपोआप बोलत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. आणि काय सांगायचं, किती सांगायचं, कुणाची गोष्ट सांगायचा आपल्याला हक्क आहे, हे आधी ठरवावं लागतं. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्यातून शिकले. त्या आधी सांगते.

पहिली चूक : गप्प राहिलो

आमचं सल्ला केंद्र तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक इमारतीतल्या मागच्या खोलीत चालायचं. मंगळवार आणि शनिवार. मंगळवार मुद्दाम, कारण तो बाजाराचा दिवस. बाजाराला जाते म्हणून बाईला घराबाहेर पडता येतं. अकरा वर्षं हे चाललं. नोंदवह्या भरल्या, पोटगीचे दावे झाले, कुणाचं स्त्रीधन परत मिळालं, कुणाचा संसार नीट अटी घालून पुन्हा बसला. आणि एक दिवस नोटीस आली. खोली दुसऱ्या कामासाठी हवी आहे, पंधरा दिवसांत रिकामी करा.

आम्ही निवेदन लिहिलं आणि सह्यांसाठी गावात निघालो. समोरचा किराणा दुकानदार म्हणाला, "तुम्ही बचतगटवाल्या ना?" शाळेतल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही शिलाईचा क्लास घेता असं वाटलं मला." एक गृहस्थ तर म्हणाले, "तुम्ही घरं मोडता म्हणे." अकरा वर्षं ज्या रस्त्यानं आम्ही जात-येत होतो, त्या रस्त्यावर आम्ही कोण हे कुणाला माहीत नव्हतं. आम्ही सांगितलं नव्हतं, म्हणून लोकांनी आपापल्या मनानं ठरवलं होतं. सह्या चाळीससुद्धा झाल्या नाहीत. खोली गेली.

पुढे आठ महिने आम्ही एका कार्यकर्तीच्या ओसरीवर बसलो. त्या आठ महिन्यांत मंगळवारी जुन्या खोलीचं कुलूप बघून किती बाया परत गेल्या असतील? त्याची नोंद आमच्या कुठल्याही वहीत नाही.

दुसरी चूक : घाईनं बोललो

ठेच लागल्यावर आम्ही ठरवलं, आता पेपरात यायचंच. आमच्यातल्या एकीनं प्रसिद्धिपत्रक लिहिलं. नुसता उपदेश कोण छापणार, म्हणून त्यात एक 'उदाहरण' घातलं. बाईचं नाव नव्हतं. पण गावाचं नाव होतं, नवरा दूध डेअरीवर कामाला हे होतं, तीन मुली आहेत हे होतं, आणि तिला कशानं मारलं हे होतं. पत्रकावर सही माझी होती. बातमी ठळक छापून आली, वर भडक मथळा. आम्ही कात्रण फाइलला लावलं. पहिलं कात्रण म्हणून पेढेसुद्धा आणले होते.

दीड हजार वस्तीच्या गावात, डेअरीवर काम करणारे आणि तीन मुलींचे बाप असे किती असणार? दिरानं पेपर पारावर वाचून दाखवला. मुलींना शाळेत विचारणा झाली. शनिवारी ती बाई आली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "ताई, मला पोटगी पाहिजे होती. पेपरात यायचं नव्हतं." त्यानंतर ती केंद्रावर आली नाही. तिचा दावा अर्धाच राहिला.

आम्ही कुठलाही कायदा मोडला नव्हता. नाव छापलं नव्हतं. तरीही ती उघडी पडली, आणि ती आमच्यामुळे पडली. वार्ताहराला दोष द्यायला आम्ही पहिल्या दिवशी तयार होतो. पण त्यानं छापलं ते आम्हीच लिहून दिलेलं होतं.

तर गप्प राहून एक नुकसान झालं, घाईनं बोलून दुसरं. संघटनेचा जनसंपर्क या दोन्हींच्या मधल्या वाटेनं जातो. गरजू बाईला आपलं दार सापडलं पाहिजे, आपल्यावर वेळ आली तर गावानं बाजूला उभं राहिलं पाहिजे, आणि हे करताना कुणा बाईची गोष्ट तिच्या हातातून हिसकावली जाता कामा नये.

हे आपल्याला नवं नाही

जनसंपर्क म्हणजे शहरातल्या कंपन्यांची विद्या, असं समजू नका. १९७२च्या सुमाराला, दुष्काळ आणि टंचाईच्या दिवसांत, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्या वेगवेगळ्या पक्षांच्या असून महागाईविरोधात एकत्र आल्या. बाया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या वाजवल्या. लाटणं बघितल्यावर काही समजावून सांगायची गरज होती का? स्वयंपाकघरात काय पेटलंय ते त्या एका वस्तूनं सांगितलं. फोटो छापला तरी बातमी पूर्ण होत होती. पन्नास वर्षांनंतरही आपण 'लाटणं मोर्चा' म्हणतो. प्रत्येक घरात असलेली वस्तू निवडली, म्हणून ते लोकांच्या लक्षात राहिलं.

दुसरं उदाहरण मथुरा खटल्याचं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सोडून दिलं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९७९मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. फक्त एक पत्र. पण त्यात निकालातल्याच गोष्टी घेऊन प्रश्न विचारले होते, मागणी स्पष्ट होती, आणि खाली चौघांची नावं होती. ते पत्र हातोहात फिरलं, छापून आलं. ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, तोच पुढे 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन' झाला. तो खटला काही पुन्हा उभा राहिला नाही, पण १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या मुलीचं नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं. ते निकालपत्रातच होतं, आणि ओळख लपवण्याचं कलम तेव्हा नव्हतं, ते १९८३च्याच दुरुस्तीत आलं. आपण तिच्या नावानं घोषणा दिल्या, मीही दिल्या. आपल्या घोषणा तिच्यापर्यंत पोचल्या का, तिला त्या कशा वाटल्या असत्या, हे आमच्या मोर्चात मी तरी कधी विचारलं नाही. चळवळीला चेहरा लागतो, हे खरं. तो चेहरा एका जिवंत बाईचा असतो, हेही तितकंच खरं.

तिसरं उदाहरण पुण्याचं. १९८२ साली मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, त्यानंतर नारी समता मंचानं 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर प्रदर्शन तयार केलं. ते बघायला आलेल्या बाया नुसत्या बघून गेल्या नाहीत. आपल्या घरात काय चाललंय ते सांगायला लागल्या. ते ऐकून घ्यायला कुणीतरी हवं, या गरजेतून मंचाचं 'बोलते व्हा' केंद्र सुरू झालं. याच्यातून आपण काय घ्यायचं? तुम्ही बोलायला लागलात की बाया येणार. त्या येतील तेव्हा दार उघडायला माणूस आहे का, फोन उचलायला कुणी आहे का, याची तजवीज आधी करा. पोस्टरवर फोन नंबर छापायचा आणि तो दिवसभर बंद ठेवायचा, यापेक्षा न छापलेला बरा. मारातून सुटून आलेल्या बाईनं एकदा केलेला फोन उचलला गेला नाही, तर ती दुसऱ्यांदा करेलच असं नाही.

आणि स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' नाटक तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलंय? हात वर करा. बघा, निम्म्या आहेत. १९८३पासून त्याचे शेकडो प्रयोग वाड्या-वस्त्यांवर झाले. पेपर न वाचणाऱ्या बाईपर्यंत ते पोचलं. तोही जनसंपर्कच.

सुरुवात कशी करायची?

आता कामाचं बोलू. आधी एक वाक्य ठरवा. मघाशी मी तुमची माहितीपत्रकं चाळली. बहुतेकांवर 'महिलांच्या सर्वांगीण सक्षमीकरणासाठी कार्यरत' असं आहे. खरं सांगा, हे वाचून एखाद्या बाईला कळेल का, की रात्री घराबाहेर काढलं तर तिनं इथे यावं? आमचं वाक्य आम्ही तीन बैठका घेऊन ठरवलं आणि ते शेवटी नीट केलं केंद्राची झाडलोट करणाऱ्या मावशींनी. ते असं: 'घरात मार बसत असेल, घरातून काढलं असेल, तर मंगळवारी आणि शनिवारी अकरा ते चार या. सल्ला फुकट. तुमची गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही.' कुठलीही कार्यकर्ती कुठेही उभी राहिली तरी हेच सांगते.

मग कुणाला सांगायचं, त्याची यादी करा. आपण जनसंपर्क म्हटलं की थेट पेपरवाल्यांकडे धावतो. माझ्या यादीत पेपर चौथा आहे. पहिली ती बाई. दुसरे, जे तिला रोज भेटतात ते. आशाताई, अंगणवाडीताई, दवाखान्यातली नर्स, शाळेतल्या बाई, पिठाच्या गिरणीवाला, आणि कासारीण. हसू नका. बाईचा हात हातात घेणारी ती एकटीच असते. मनगटावरचे वळ तिला दिसतात. आमच्याकडे आलेल्या पहिल्या शंभर बायांत कुणी पाठवलं असं विचारलं, तेव्हा कासारणीचं नाव आम्ही वारंवार ऐकलं. तिला आम्ही कधी बैठकीला बोलावलं नव्हतं.

तिसरे, अधिकारी आणि गावातले कारभारी. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायदा २००५चा, त्यातले संरक्षण अधिकारी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, पोलीस ठाण्यातला ठाणे अंमलदार. यांना काम अडल्यावरच भेटायचं नाही. वर्षातून दोनदा तरी, काही मागायचं नसताना, आपल्या कामाचा एक पानी गोषवारा घेऊन जा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदोपत्री उरकली जाते असं आपण म्हणतो. तिथे जाऊन पाच मिनिटं आपलं वाक्य सांगायला आपल्याला कुणी अडवलंय?

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. आमचं पहिलं पत्रक मोठं, रंगीत, वर 'कौटुंबिक हिंसा' असं ठळक छापलेलं. ते घरात सापडलं म्हणून एका बाईला मार बसला. आता आम्ही बटव्यात मावेल एवढं कार्ड करतो. त्यावर 'महिला आरोग्य व कायदा माहिती' एवढंच, वार, वेळ, पत्ता आणि फोन. मागे राज्याच्या महिला हेल्पलाइनचा १८१ क्रमांक. आपला कागद कुठल्या घरात, कुणाच्या हातात पडणार आहे, हे छापण्याआधी डोळ्यांपुढे आणा.

वार्ताहराशी कसं वागायचं?

चौथा नंबर पेपरचा. तालुका वार्ताहर हा बहुधा तुटपुंज्या मानधनावर काम करतो. पुष्कळदा जाहिराती गोळा करायचं कामही त्याच्याच गळ्यात असतं. त्याला शत्रू समजू नका आणि उपकारकर्ताही समजू नका. एक वही करा. कोण कुठल्या पेपरचा, कुठला विषय बघतो, बातमी किती वाजेपर्यंत पाठवावी लागते. संध्याकाळी पान लागायच्या वेळेला फोन करून 'आमचं छापा' म्हटलं तर तो वैतागणारच. सकाळी सांगा. हळदीकुंकवाचा कार्यक्रम झाला म्हणून रोज पत्रक पाठवू नका. मग खरी बातमी असेल तेव्हा तो उघडूनही बघणार नाही.

पत्रक एका पानाचं. वर तारीख. पहिल्या चार ओळींत काय झालं किंवा काय होणार आहे, कुठे, केव्हा, कुणी. मग मागणी कोणती आणि कुणाकडे. मग एखादा आकडा, जो आपल्या नोंदवहीत दाखवता येईल. शेवटी दोघींची नावं आणि फोन. दोघींची, कारण एकीचा फोन लागत नाही. आणि एकच बाई वर्षानुवर्षं बोलत राहिली की संघटना तिच्या नावानं ओळखली जाते. ते आपल्या चळवळीच्या पोटात कुरतडणारं दुखणं आहे. प्रवक्त्या आळीपाळीनं बदला. दलित वस्तीतली, आदिवासी पाड्यावरची, मुस्लिम मोहल्ल्यातली कार्यकर्ती काम करते आणि माइकपुढे मात्र शुद्ध बोलणारी मी उभी राहते, हे आपण कधी थांबवणार? भाषा 'शुद्ध' नसली तरी चालेल. माहिती पक्की हवी.

आकडे आणि मथळे

आकड्यांचं बळ किती, ते बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या प्रश्नात २०१९ साली दिसलं. गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या, संघटनांनी आवाज उठवला, विधिमंडळात प्रश्न आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली निघाली. 'पुष्कळ बायांवर अन्याय होतो' असं आपण शंभर वेळा म्हटलं असतं तरी हे झालं नसतं.

पण तेव्हाचे मथळेही आठवा. 'गर्भाशय नसलेल्या बायांचं गाव' अशा अर्थाचे मथळे देशभर झळकले. ज्या गावातल्या मुलीचं लग्न जमवायचंय, त्या गावाला असलं नाव पडलं तर? दोष कुणाचा होता? उचल घेतलेली असल्यामुळे खाडा परवडत नाही, पाळीच्या दिवसांतही कोयता सोडता येत नाही, पाण्याची, न्हाणीघराची सोय नाही, आणि डॉक्टर चटकन शस्त्रक्रिया सुचवतो. मथळ्यात मुकादम, कारखाना, दवाखाना यायला हवा होता. आली ती बाई आणि तिचं शरीर. म्हणून पत्रक लिहिताना वाक्यातला कर्ता तपासा. 'महिलेवर अत्याचार' असं लिहिलं की अत्याचार करणारा वाक्यातून पळून जातो. त्याला पळू देऊ नका.

तिची गोष्ट तिचीच

आता सगळ्यात नाजूक भाग. आमच्या त्या दुसऱ्या चुकीनंतर आम्ही काही नियम केले, ते आजही केंद्राच्या भिंतीवर लावलेत.

बाई पहिल्यांदा येते त्या दिवशी तिला प्रसिद्धीबद्दल विचारायचंच नाही. त्या दिवशी ती कशालाही हो म्हणेल, कारण तिला वाटतं, नाही म्हटलं तर मदत मिळणार नाही. पुढे विचारायचं तेव्हा स्पष्ट सांगायचं, की हो म्हण किंवा नको म्हण, तुझं काम तसंच चालेल. लिहिलेला मजकूर तिला वाचून दाखवायचा. मग एक रात्र जाऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी ती नको म्हणाली तर कागद फाडायचा, कारण विचारायचं नाही.

नाव बदलणं पुरेसं नाही. गाव, नवऱ्याचा धंदा, मुलांची संख्या, हे सगळं मिळून माणूस ओळखू येतो. पाठमोरा फोटोसुद्धा ओळखू येतो. लुगड्याच्या काठावरून, अंगणातल्या तुळशीवरून, दाराच्या रंगावरून.

कायदा काय सांगतो तेही पाठ हवं. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. सज्ञान स्त्रीनं स्वतः लेखी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी, पण तिच्या वतीनं आपण ती देऊ शकत नाही. मुलांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचं कलम २३ ओळख उघड करायला मनाई करतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीतला तपशील आणि त्यातल्या व्यक्तींची ओळख प्रसिद्ध करायला २०१३च्या कायद्याच्या कलम १६ची बंदी आहे. कायद्याची ही रेघ किमान आहे. आमच्या केंद्रावर आलेली ती बाई या रेघेच्या अलीकडेच होती, तरी उघडी पडली.

आता तर प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे. पूर्वी चूक दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायची, आता ती पाच मिनिटांत गावभर होते आणि पुसता येत नाही. म्हणून आमचा नियम: केंद्रात कुणाचाही फोटो काढायचा नाही. केसचा कागद व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायचा नाही, 'फक्त आपल्या गटात' म्हणूनसुद्धा नाही. देणगीदार 'यशोगाथा' मागतात, फोटोसकट. त्यांनाही नम्रपणे नाही म्हणायचं. आम्ही नाही म्हटलं, तेव्हा एका ठिकाणची मदत हुकली. वाईट वाटलं. पण परत त्या शनिवारच्या बाईच्या डोळ्यांना डोळा भिडवायची पाळी आमच्यावर आली नाही.

मग आपण काय सांगायचं? भरपूर आहे. केंद्र कसं चालतं, किती जणी आल्या, किती दाव्यांत पोटगीचा हुकूम झाला आणि त्यातली प्रत्यक्ष किती जणींना मिळाली, कुठल्या कार्यालयात काय अडतं. आपला जमाखर्च. हो, जमाखर्च. वर्षाला एक दिवस गावाला बोलावून आम्ही हिशेब वाचून दाखवतो. पहिल्या वर्षी बारा माणसं आली. पण 'यांना परदेशातून पैसा येतो' ही कुजबुज त्या दिवसापासून कमी झाली.

पुढे काही वर्षांनी आमच्या नव्या जागेवरही गदा आली. या वेळी निवेदनावर सहाशेच्या वर सह्या झाल्या. पहिली सही त्या किराणा दुकानदाराची होती. जागा राहिली. एवढंच सांगायचं होतं.

आता दुपारच्या जेवणाआधी एक काम करा. प्रत्येक गटानं आपल्या संघटनेचं वाक्य लिहायचं. 'सक्षमीकरण' हा शब्द न वापरता. आणि ते वाक्य स्वयंपाक करणाऱ्या ताईंना वाचून दाखवायचं. त्यांना कळलं तर पास.

चर्चेतले काही प्रश्न

बातमी चुकीची छापून आली तर काय करायचं?

त्याच दिवशी लेखी खुलासा पाठवायचा, संपादकाच्या नावानं, पोच घेऊन. खुलासा दहा ओळींचा. रागाचं पत्र लिहिलंत तर ते घरी ठेवा. खुलासा छापला नाही आणि प्रकरण गंभीर असेल, तर भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. पण चूक एखाद्या बाईच्या ओळखीशी संबंधित असेल, तर खुलाशानं ती पुन्हा चर्चेत येईल का, याचा विचार आधी तिच्याशी बोलून करा.

बातमी छापायची तर जाहिरात द्या, असं सांगतात.

आम्हालाही सांगितलंय. आम्ही देत नाही. पैसे देऊन आलेली बातमी लोक ओळखतात. तेवढ्या पैशांत दोन हजार कार्डं छापून होतात, ती आशाताईंना द्या.

'तुम्ही घरं मोडता' याला उत्तर काय?

वाद घालू नका, नोंदवही दाखवा. आमच्याकडे आलेल्यांत बहुतेक जणींनी आधी समेटच मागितला, हे आम्ही आकड्यांनी दाखवतो. आणि एक वाक्य आम्ही सगळ्या जणी सारखंच म्हणतो: घर मारानं मोडतं, आम्ही ते मोडल्यानंतर आलेल्या बाईला बसायला जागा देतो.

एवढं सगळं करायला माणसं कुठून आणायची?

आणू नका. महिन्यातून एक शनिवार, दोघी जणी, दोन तास. वही पुरी करायची, चार माणसांना भेटायचं, एक पत्रक लिहायचं. आम्ही असंच सुरू केलं.